तलाव गोठला की परत जाऊ

ज्या गावात तलाव गोठत नाहीत त्या गावात राहून बाबांनी बर्फाला भोक पाडायचं गिरमिट मागवलं, तेव्हाच मला सगळं कळायला हवं होतं. पण पंधराव्या वर्षी बापाचा नुसता राग येतो, संशय येत नाही. ते गिरमिट लालभडक, फिनलंडहून आलेलं आणि माझ्या खांद्याएवढं उंच होतं. परदेशातल्या त्या गावात, कासलबारला, आमच्या भाड्याच्या घरात गरम पाण्याच्या टाकीभोवती एक कपाट होतं. तिथले लोक त्याला हॉट प्रेस म्हणतात आणि आम्हीही म्हणू लागलो होतो. त्यात टॉवेलांच्या मागे ते उभं असायचं आणि टॉवेल ओढला की अंगावर यायचं. आई दर वेळी ओरडायची, "अहो, हे तुमचं धूड हलवा इथनं, एखाद दिवशी कपाळमोक्ष होईल माझा!" आणि बाबा दर वेळी पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे, "असू दे गं, थंडी पडली की लागेलच." थंडी पडायची. पाऊस तर पाचवीलाच पुजलेला होता. वारा असा यायचा की छत्री उघडणाऱ्याला लोक हसायचे. तलाव मात्र होता तसाच राहायचा, करडा आणि ओला.

बाबा तिथल्या मोठ्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होते. मिरजेहून निघताना त्यांनी सगळ्यांना 'दोन वर्षं' असं सांगितलं होतं. आजीला सांगितलं, मावशीला सांगितलं, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यालासुद्धा सांगितलं. त्या भरवशावर मी आठवीतून उठून आले. माझी सायकल मी मावशीकडे ठेवली, तिला महिन्यातून एकदा तेल घालायला सांगितलं आणि मैत्रिणींना 'दहावीला येतेच' असं ठणकावून आले. दोन वर्षं कधीच उलटून गेली. सायकल मावशीच्या दूधवाल्याने नेली. धाकटी सई आली तेव्हा इतकी लहान होती की तिच्या लेखी मिरज म्हणजे सुट्टीत जायचं, डास चावणारं गाव. तिला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर यायचं तिथल्या मेयो जिल्ह्याच्या अस्सल इंग्रजीत. आईने "सई, दूध हवंय का?" विचारलं की "आयम ग्रँड, मम," म्हणजे नको, मी ठीक आहे. मला तिचा फार राग यायचा. ग्रँड काय ग्रँड? या घरात कुणीच ग्रँड नव्हतं, असं माझं ठाम मत होतं.

शब्द दिला गेला तो पाडव्याला. आमच्या घरात दिवाळी म्हणजे आधी धुराच्या घंटीशी मारामारी. आईने चकल्यांचा पहिला घाणा कढईत सोडला की स्वयंपाकघराच्या छतावरचा भोंगा किंचाळायला लागायचा आणि बाबा टॉवेल घेऊन त्याच्याखाली नाचत वारा घालायचे. सगळी दारं उघडी टाकायची, म्हणजे आत बर्फगार हवा आणि बाहेर सबंध गल्लीत चकलीचा वास. त्या पाडव्याला संध्याकाळी आईने बाबांना पाटावर बसवलं, औक्षण केलं आणि ओवाळणीचं पाकीट हातात घेतलंच नाही. म्हणाली, "पाकीट नको. साडी नको. परत कधी जायचं ते सांगा, हीच माझी ओवाळणी." ताम्हनातलं निरांजन जळत होतं, सई पेढ्यावर डोळा ठेवून होती आणि बाबांच्या तोंडावर भूल दिलेल्या माणसासारखा शांतपणा आला. आदल्याच दिवशी त्यांनी कुठलासा व्हिडिओ पाहिला होता. गोठलेल्या तलावावर एक म्हातारा उलट्या बादलीवर बसलाय आणि भोकातून मासे काढतोय. ते म्हणाले, "एकदा इथला तलाव गोठू दे. बर्फाला भोक पाडून एक मासा काढतो. एवढी एकच हौस राहिलीय. मासा निघाला की त्याच महिन्यात राजीनामा. झालं?" आई म्हणाली, "निरांजनासमोर बोलताय, बरं का." बाबा म्हणाले, "बोललो."

ओवाळणीत दिलेला शब्द मागे घेता येत नाही, एवढं आम्हा सगळ्यांना माहीत होतं. पण हा कसला शब्द? दुसऱ्या देशात माणसं व्हिसा संपला की परत जातात, पैसे साठले की जातात, आईबाप आजारी पडले की जातात. आम्ही परत जाणार होतो तलाव गोठला की. त्यानंतरच्या दर पाडव्याला आई तेच विचारायची आणि बाबा तेच उत्तर द्यायचे, आरतीची ओळ म्हणावी तसं. मला ते ऐकवायचं नाही. हिवाळा लागला की रात्री जेवण झाल्यावर मी मागच्या दारी स्टीलच्या वाटीत पाणी ठेवायची आणि सकाळी उठून आधी वाटी बघायची. बहुतेक वेळा तिच्यात पाणीच असायचं, शिवाय एखादी गोगलगाय. आईच्या वाट्या एकेक करून कमी व्हायला लागल्या तेव्हा मी बोलणी खाल्ली, पण वाटी ठेवायची सोडली नाही.

त्यातून रविवार. तिथल्या रविवारांबद्दल आजही बोलायला लागले की माझा आवाज चढतो. बाबांना सुट्टी असली की आम्ही चौघांनी तलावावर जायचं, हिवाळी पाहुणे बघायला. हा छंद त्यांना शेजारच्या ब्रीजने लावला होता. ब्रीज म्हणजे गणिताची निवृत्त शिक्षिका, एकटी राहायची, गळ्यात दुर्बीण आणि खिशात पक्ष्यांसाठी दाणे. गाडीत पुढे ब्रीज आणि बाबा, मागे आम्ही तिघी आणि मांडीवर डबे. आई दशम्या करायची, दाण्याची चटणी, थर्मासात आल्याचा चहा. ती थंडी कोरडी, खणखणीत असती तर एक वेळ चाललं असतं. ती ओली थंडी होती, मोज्यातून चढत जाणारी. मफलरला ओल्या लोकरीचा वास, दुर्बिणीच्या काचांवर वाफ, आणि समोर पाण्यावर लांब कुठेतरी पांढरे ठिपके. "ते बघ, हंस! आइसलंडहून आलेत, समुद्र ओलांडून!" बाबा कुजबुजत म्हणायचे. मोठ्याने बोललं तर पक्षी उडतात म्हणे. मी म्हटलं, "बाबा, त्यांना मराठी कुठे कळतं?" तर सगळे हसले आणि मी चिडले, कारण मी विनोद केला नव्हता. हंसांचा आवाज मात्र ऐकण्यासारखा होता, हे मला तेव्हाही कबूल करावं लागायचं. कुणी तरी दूरवर जुनी पेटी वाजवून बघतंय असा आवाज, एकाने सूर लावायचा आणि दुसऱ्याने लगेच उचलायचा. पाणमांजराच्या नावाने मात्र आम्ही किती तास उभे राहिलो असू त्याला गणती नाही. "आत्ता होतं तिथे," असं ब्रीज म्हणायची आणि आम्ही तिथे बघायचो, तिथे लव्हाळ्याचं बेट आणि पाणी. आता माझी मुलगी माझ्याबरोबर कुठे यायला निघाली की तेच तोंड करते जे मी तेव्हा करायची. मी तिला काही बोलत नाही.

आई या सगळ्यात कुरकुरत असायची, पण यायची. तिचं कुरकुरणंही मला अपुरं वाटायचं. ती आता एका वृद्धाश्रमाच्या ऑफिसात कामाला होती, दुसऱ्या खेपेला ड्रायव्हिंगची परीक्षा पास झाली होती आणि छोटी निळी गाडी घेऊन एकटी लांबच्या स्लायगो शहरापर्यंत जाऊन यायची. मिरजेत ती रिक्षानेसुद्धा आजीला सांगितल्याशिवाय गेली नव्हती. मी तिला विचारायची, "आई, तू जोर का लावत नाहीस?" ती म्हणायची, "लावते ना गं. दर पाडव्याला विचारतेच की." मला वाटायचं, आम्ही दोघी एका बाजूला आहोत आणि बाबा एकटे दुसऱ्या.

आणि मग त्या वर्षी खरोखर थंडी पडली. वाटीतलं पाणी दगड झालं. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही. नळ गोठले, शाळा बंद झाली, रस्त्यावर घसरून मनगटं मोडलेल्या लोकांनी हॉस्पिटल भरलं आणि बाबा घरी आले की जेवताना डुलक्या घ्यायचे. मी आनंदाने वेडी झाले होते. सगळं गाव हवालदिल आणि मी देवापुढे हात जोडून म्हणत होते, अजून थोडी पडू दे. ब्रीज कुंपणाशी येऊन सांगून गेली की तलावाची आतली छोटी खाडी पार गोठलीय, पोरं तिच्यावर चालताहेत, अशी थंडी तिने आयुष्यात एकदोनदाच पाहिलीय. मी बाबांकडे बघितलं. "हं," बाबा म्हणाले. एवढंच. रविवारी सकाळी मीच हॉट प्रेसमधून गिरमिट ओढून काढलं आणि गाडीत टाकलं.

बाबांनी त्या बर्फाची तयारी ऑपरेशनच्या आधी करावी तशी केली. काठापासून हातभर अंतरावर पहिलं भोक, पट्टी घालून जाडी मोजली. मग थोडं पुढे दुसरं, परत पट्टी. कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक काठावरच्या झाडाला. माझ्या कमरेलाही दोर. "लव्हाळ्याच्या पुढे जायचं नाही," ब्रीजने बजावलं, "तिकडे झरा आहे, तिथे हंसांनी पाणी उघडं ठेवलंय." आई आणि सई तिच्याबरोबर काठावर थांबल्या, सई उपाशी पाखरांना दाणे टाकत होती. तिसरं भोक मासेमारीचं. गिरमिट फिरवताना बर्फाचा भुगा वर आला आणि मग एकदम काळं पाणी दिसलं. बाबांनी नायलॉनची तंगूस आत सोडली आणि उलट्या बादलीवर बसले, थेट त्या व्हिडिओतल्या म्हाताऱ्यासारखे. मी दुसऱ्या बादलीवर. पलीकडच्या उघड्या पाण्यात हंस दाटीवाटीने बसले होते आणि अधूनमधून एखादा बर्फावर चालून बघायचा, घसरायचा आणि काही झालंच नाही असा मान वर करायचा.

मासा काही लागेना. सकाळ गेली. दशम्या संपल्या. माझी पायाची बोटं आहेत की नाहीत हे समजेना. "आमिष बदलू या का?" मी विचारलं. बाबा म्हणाले, "नको, असू दे." "जागा बदलू या?" "घाई कसली आहे?" घाई कसली! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी वर्षानुवर्षं वाट्या ठेवत आलेय आणि हा माणूस विचारतोय घाई कसली. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला, हॉस्पिटलचा. बर्फावर आवाज तुटत होता म्हणून ते दोर सोडून काठाकडे गेले आणि जाता जाता तंगूस माझ्या हातात देऊन म्हणाले, "नुसती धरून ठेव." मी धरून ठेवली. मग मला वाटलं, गांडूळ तरी शिल्लक आहे का बघावं, आणि वर ओढली.

गांडूळ नव्हतं. गळही नव्हता. टोकाला शिशाचा गोळा होता आणि खाली काही नाही. आधी वाटलं, दोरा तुटला. पण तुटलेल्या दोऱ्याचं टोक पिळवटलेलं असतं, हे बाबांनीच मला शिकवलं होतं. इथे शिशाखाली नीट गाठ होती, बारीक, घट्ट, बाबांची गाठ, आणि उरलेला दोरा कात्रीने कापलेला. सकाळपासून आम्ही दोघं शिसं पाण्यात बुडवून बसलो होतो. मला रडू यायला हवं होतं, पण राग एवढा होता की रडायला जागाच उरली नाही. मी त्यांचा पत्र्याचा डबा उघडला, हातमोजे दातांनी ओढून काढले आणि गळ बांधायला लागले. बोटं लाकडासारखी झाली होती, गळ दोनदा अंगठ्यात घुसला. ब्रीजच्या खताच्या ढिगातली गांडुळं डबीत मेल्यासारखी पडली होती, त्यातलं एक लावलं आणि तंगूस आत सोडली. काठावर बाबा पाठ करून फोनवर बोलत होते. मी मनात म्हणत होते, ये, ये, ये रे माशा एकदा.

आणि तो आला. तंगूस हातातून सुटते की काय असा हिसका बसला, मी ओढलं, आणि भोकातून वीतभर मासा बर्फावर येऊन आपटला. हिरवट अंगावर काळे पट्टे आणि शेंदरी पर. मी एवढ्या जोरात ओरडले की सगळे हंस एकदम उडाले. बाबा पळत आले, त्यांच्यामागून घसरत, एकमेकींना धरत आई आणि सई. ब्रीज काठावरून "अरे सगळे एका जागी नका जमू!" असं ओरडत राहिली, तिचं कुणी ऐकलं नाही.

"निघाला," मी म्हटलं. "बर्फातनं मासा निघाला. गळ मी लावला, बाबा. तुमचा नव्हताच." बाबांनी माशाकडे बघितलं, मग आईकडे. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही, चोरी पकडली गेल्याचा नव्हता तो, घाबरलेला होता. मी आईकडे वळले. आता ती बोलेल, निरांजनासमोर दिलेला शब्द काढेल, म्हणून मी वाट बघत होते. आई म्हणाली, "सोड त्याला."

"काय?"

"सोड म्हणते ना, मेघू. तडफडतंय बिचारं."

"आई, अगं मासा निघालाय! त्याच महिन्यात राजीनामा, तूच नाही का..."

"मला नाही जायचं," आई म्हणाली, आणि तोंडावर हात ठेवला. ते वाक्य तिचं तिलाही नवीन असावं. मग हात काढून बाबांकडे बघत भरभर बोलत सुटली, "मला तिथे जाऊन पुन्हा कुणाची सून नाही व्हायचं. किल्ली घेऊन बाहेर पडले तर कुणी विचारत नाही इथे मला, कुठे निघालीस म्हणून. नाही जायचं."

"मग दर वर्षी विचारायचीस ते?" बाबांनी विचारलं.

"विचारायचं बंद केलं असतं तर संपलंच असतं की हो सगळं. तुमच्या आई काय म्हणाल्या असत्या, माझी ताई काय म्हणाली असती. कुणीतरी विचारायला नको? आणि तुम्ही? गळ न लावता बसता?"

"मिरजेला मला रविवार नव्हता गं," बाबा म्हणाले. "वीस मिनिटं सलग आकाशाकडे बघितलं नव्हतं कधी. पण तुझा जीव तिकडे अडकलाय असं वाटायचं, म्हणून थेट नाही म्हणता येईना."

दोघं बर्फावर उभे राहून एकमेकांकडे बघत होते आणि मग, मला आजही त्याची चीड येते, दोघंही हसायला लागले. आधी बाबा, मग आई, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. एवढी वर्षं एकमेकांच्या भीतीने तलाव गोठायची वाट बघितली, आणि जिंकल्यासारखे हसत होते. मी तिथेच होते, अंगठ्यातून रक्त येत होतं, पण त्यांच्या लेखी मी नव्हतेच. सई म्हणाली, "पुट हिम बॅक, ही'ज फ्रीझिंग." मी हलले नाही. तिने गुडघ्यावर बसून गळ सोडवला, दोन्ही हातांनी तो मासा भोकापर्यंत सरकवला आणि आत ढकलला.

"आणि मी?" मी म्हटलं.

त्यांचं हसू थांबलं. खरंच, दोघांनी माझ्याकडे पहिल्यांदा बघितलं असावं तसं बघितलं. बाबा पुढे आले, त्यांनी माझा अंगठा आपल्या मफलरमध्ये गुंडाळला आणि धरून ठेवला. डॉक्टर माणूस, रक्त बघितलं की त्यांना काय करायचं ते लगेच सुचतं, बाकीचं सुचत नाही. मग त्यांनी विचारलं, "मेघू, तुला जायचंय का परत?" अगदी साध्या आवाजात. हा प्रश्न मला तोवर कुणी विचारलाच नव्हता. मी मनातल्या मनात त्याची उत्तरं शाळेच्या बसमध्ये, रविवारी गाडीत मागच्या सीटवर, मागच्या दारी वाटी ठेवताना हजार वेळा दिली होती.

"हो," मी म्हटलं.

आईने बाबांकडे बघितलं. बाबांनी मान हलवली. "बरं," ते म्हणाले. घरी जाताना गाडीत ब्रीजने एकदा वळून माझ्याकडे पाहिलं आणि खिशातला रुमाल काढून दिला. त्याच आठवड्यात आईने मावशीला फोन केला. मी जिन्यात बसून ऐकत होते. बारावीपर्यंत राहील, खाण्यापिण्याचे नखरे नाहीत तिचे, सकाळी उठवायला मात्र लागतं, असं आई सांगत होती. मी खूश होते. आठवडाभर मी खूशच होते. मग जूनमध्ये विमानतळावर आई, बाबा, सई काचेच्या अलीकडे थांबले आणि मी पलीकडे गेले, तेव्हा मला पहिल्यांदा नीट समजलं. मला वाटत होतं की परत जायचा प्रश्न आमच्या चौघांचा आहे. तिकीट एकच निघालं होतं.